रथ टेकला: आमच्या टेबलच्या शपथ-नियमांच्या प्रकल्प नोंदी

१ जून, रविवार, रात्री साडेअकरा

आजचं सेशन वाईट संपलं आणि झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. नियमांचं काहीतरी करावंच लागणार आहे, तर ही वही त्याच कामासाठी ठेवतो, तारीख टाकून, काय करून बघितलं आणि काय फसलं ते सगळं लिहीन.

झालं असं. आमचं कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या कॅरेक्टर घेऊन टेबलावर खेळायच्या खेळाच्या पाचव्या एडिशनचं, २०१४ चं पुस्तक, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा, चार जण खेळतात, सगळे लेव्हल ६. दादा आमच्यात वयानं सगळ्यात मोठा, तो वज्रसेन नावाचा पॅलाडिन, म्हणजे शपथेतून शक्ती मिळणारा योद्धा, खेळतो, ओथ ऑफ डिव्होशन नावाच्या शपथेचा. माझी मावसबहीण मिंटा नावाची हाफलिंग रोग, म्हणजे बुटकी चोर, खेळते. ताई शाळेत शिकवते, तिची विझर्ड, म्हणजे जादूगार, ऐंद्री. आणि चौथ्या मित्राचा भोरग नावाचा ड्वार्फ क्लेरिक, म्हणजे पुजारी. आज त्यांनी चिपा नावाचा एक गॉब्लिन पकडला, किल्ल्याचा मागचा रस्ता त्याला माहीत होता. वज्रसेननं तलवार जमिनीवर ठेवून त्याला शब्द दिला की खरं सांग, तुला जिवंत सोडतो. चिपानं सांगितलं. मग सगळ्यांच्या डोक्यात आलं की हा सुटला तर पळत जाऊन किल्ल्यावर वर्दी देणार. जरा वेळ कुणीच काही बोललं नाही आणि मग दादा म्हणाला, मी घोडे बघून येतो. तो गेल्यावर मिंटानं चिपाचा गळा कापला.

आणि मी लगेच, अगदी आवाज खाली आणून म्हणालो, वज्रसेन, तुझा प्रकाश विझला. सगळी पॉवर काढली, स्माइटचा जादा घाव नाही, स्पेल म्हणजे मंत्र नाहीत, शेजारच्यांना वाचवणारा ऑरा नाही. दादा म्हणाला, अरे पण मी काही केलंच नाही. मी म्हटलं, तेच तर.

बोलताना फार भारी वाटलं होतं ते वाक्य. दादा पुढे काही बोलला नाही. त्यानं एकेक करून डाइस पिशवीत भरायला घेतले, आधी वीस बाजूंचा डी२०, मग बाकीचे, शेवटी चार बाजूंचा तो छोटा टेबलाच्या फटीत अडकला होता तो नखानं काढला, आणि म्हणाला उद्या लवकर ऑफिस आहे. साडेआठलाच उठला. आम्ही कधी साडेदहाच्या आत उठत नाही.

३ जून, मंगळवार

दादाला फोन केला. मला वाटलं होतं तो नियमावर वाद घालेल, माझी उत्तरंही तयार होती. त्यानं वाद घातलाच नाही. म्हणाला, वज्रसेन चुकला असं तू म्हणालास त्याचं मला काही वाटलं नाही रे, पण आधी का नाही सांगितलंस. मी घोडे बघायला गेलो कारण मला वाटलं मिंटाला काहीतरी करायचंय आणि माझा पॅलाडिन तिथे उभा राहिला तर तिला मोकळेपणानं खेळता येणार नाही, दर वेळी मीच तिला अडवतो, म्हणून म्हटलं आज बाजूला होऊ. ती त्याला मारेल हे मला माहीत नव्हतं, धमकावेल असं वाटलं होतं.

म्हणजे दादानं माणूस म्हणून चांगलं केलं, समोरच्याला जागा करून दिली, आणि मी त्याची शिक्षा त्याच्या कॅरेक्टरला दिली. फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून होतो.

पुढच्या रविवारी येणार नाही म्हणाला, घरचं काम आहे. मी जास्त विचारलं नाही.

७ जून, शनिवार

आठवडाभर रात्री जुने नियम वाचतोय. आधी आपल्या २०१४ च्या पुस्तकात काय आहे ते नीट बघितलं आणि तिथेच पोटात गोळा आला. पॅलाडिनच्या पानांवर शपथ मोडण्याबद्दल एक चौकट आहे. त्यात असं आहे की शपथ मोडलेला पॅलाडिन आपल्याच श्रद्धेच्या क्लेरिककडे किंवा दुसऱ्या पॅलाडिनकडे जाऊन क्षमा मागतो, रात्रभर जागून प्रार्थना करतो, उपास करतो, कबुली देतो आणि नव्यानं सुरुवात करतो. पॅलाडिनपण सोडून दुसरा क्लास घ्यायला लावायचं ते फक्त जो जाणूनबुजून मोडतो आणि ज्याला पश्चात्तापच नाही त्याच्यासाठी, तेही डीएमला वाटलं तर. आमच्याकडे तर भोरग क्लेरिक त्याच टेबलावर बसलेला होता. मी पहिल्या पायरीऐवजी थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली.

मग म्हटलं ही सगळी भानगड आली कुठून. १९७१ चं चेनमेल, म्हणजे डी अँड डीच्या आधीचा मिनिएचर लढायांचा खेळ, त्यात लॉ (नियम), न्यूट्रल (मधले) आणि केऑस (अनागोंदी) अशा याद्या होत्या, कुठला प्राणी कुठल्या बाजूनं लढणार एवढ्यापुरत्या. १९७४ ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसननं डी अँड डी काढलं तेव्हा हेच तीन शब्द तसेच आत आले. म्हणजे मुळात हा पक्ष होता, स्वभाव नव्हता, तू कुणाच्या छावणीत एवढाच प्रश्न. फेब्रुवारी १९७६ मध्ये गायगॅक्सनं लेख लिहून त्याला गुड आणि ईव्हिलचा दुसरा अक्ष लावला, आणि १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये तो नऊ घरांचा चौकोन आला जो आज डी अँड डी न खेळणाऱ्या लोकांनाही मीममधून माहीत असतो. १९७९ चं डीएमचं पुस्तक तर सांगतं की डीएमनं प्रत्येकाच्या वागण्याचा आलेख ठेवायचा, आणि अलाइनमेंट, म्हणजे त्या चौकोनातलं आपलं घर, बदलली तर एक लेव्हल जाते. त्या काळात लेव्हल जाणं म्हणजे कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात.

आणि १९७८ चा पॅलाडिन. केऑटिक काही केलं तर सातव्या किंवा वरच्या लेव्हलच्या लॉफुल गुड क्लेरिकपुढे कबुली आणि प्रायश्चित्त, पण जाणूनबुजून ईव्हिल केलं तर पॅलाडिनपण तिथल्या तिथे गेलं, परत कधीच नाही. १ जूनला माझ्या तोंडून जे निघालं ते हेच होतं. पुस्तक २०१४ चं आणि डोक्यातला नियम १९७८ चा, मी तो कधी वाचलाही नव्हता, इकडून तिकडून ऐकून अंगात मुरलेला.

पाचव्या एडिशनमध्ये तर अलाइनमेंटला नियमांत फारसा जोरच उरलेला नाही. पॅलाडिनला लॉफुल गुड असण्याची सक्ती नाही, त्याचं डिव्हाइन सेन्ससुद्धा माणसाची नियत ओळखत नाही, साठ फुटांच्या आतले सेलेस्टियल (देवदूत), फीन्ड (सैतान) आणि अनडेड (चालती प्रेतं) तेवढे कळतात. आणि पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच दुसऱ्या खेळानं २०२३ च्या रीमास्टरमध्ये अलाइनमेंट काढूनच टाकली, त्याजागी काय करावं आणि काय कधीच करू नये अशा दोन याद्या ठेवल्या. हे मला फार आवडलं. नऊ खोक्यांपेक्षा दोन याद्या वाचून माणूस जास्त कळतो. पॅलेडियम कंपनीच्या खेळांतही १९८० च्या दशकापासून असंच आहे, प्रत्येक अलाइनमेंटखाली सरळ लिहिलेलं, हा शब्द पाळतो का, निरपराध माणसाला मारतो का, आणि न्यूट्रल असा प्रकारच नाही.

८ जून, रविवार

दादा आला नाही म्हणून खेळलो नाही. तिघं आले होते, नुसतं बोललो. बहिणीला वाटतंय सगळं तिच्यामुळे झालं, ती म्हणाली मी मिंटाला बदलू का, दुसरं कॅरेक्टर करते. मी स्पष्ट नाही म्हटलं. मिंटानं जे केलं ते मिंटाच करणार, तिला कुणी त्याची किंमत आधी सांगितलीच नव्हती.

ताईनं एक प्रश्न विचारला तो लिहून ठेवतो: तुला नियम कशासाठी हवाय, चुकलेल्याला पकडायला की चुकायच्या आधी थांबून विचार करायला?

१५ जून, रविवार

पहिला प्रयोग. दादा आजही नाही. तिघांबरोबर एक छोटी बाजूची गोष्ट खेळलो आणि पेंड्रॅगनची पद्धत लावून बघितली. पेंड्रॅगन १९८५ चा, ग्रेग स्टॅफर्डचा, आर्थर राजाच्या सरदारांचा खेळ. त्यात स्वभावाच्या १३ जोड्या असतात, दयाळू आणि क्रूर, खरा आणि लबाड अशा, प्रत्येक जोडीची बेरीज २०. एक बाजू १६ किंवा जास्त असली की तशा प्रसंगात डी२० टाकावाच लागतो, आकड्याइतका किंवा कमी आला तर तसं वागायचं, नाही आला तर उलट बाजूवर टाकायचा, तीही हुकली तर मग खेळाडूची मर्जी.

आम्ही चारच जोड्या घेतल्या. ताईनं ऐंद्रीला दया १६ दिली, म्हणजे क्रौर्य ४. पुलावर एक म्हातारी भीक मागत बसलेली. ताईचा डाइस १८. हुकला. उलट बाजू, पडले ३. आता नियमाप्रमाणे ऐंद्रीनं म्हातारीशी क्रूर वागायचं. ताईनं डाइसकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली ऐंद्री अशी नाहीये. मी म्हटलं नियम आहे. ती म्हणाली बरं, तिनं म्हातारीचं भांडं लाथेनं उडवलं, आणि ते असं म्हणाली जसं कुणाची तरी तक्रार वाचून दाखवतेय.

पेंड्रॅगनला नावं ठेवायची नाहीत मला. तिथे ते बरोबर बसतं कारण त्या कथांमधले सरदार रागाच्या, प्रेमाच्या भरात वाहवतच जातात आणि त्याची मजा आहे, शिवाय आकडे खेळता खेळता बदलत राहतात. पण आमच्या टेबलला आपला निर्णय आपल्या हातात लागतो. दादाचा त्रासही तोच होता की त्याचा निर्णय त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी घेतला, मी काय आणि डाइस काय.

पद्धत बाद. पण एक गोष्ट उचलली: स्वभाव कागदावर लिहिलेला असला की टेबलावरच्या सगळ्यांना दिसतो.

१८ जून, बुधवार

दुसरा प्रयोग फोनवरच, बहिणीबरोबर तासभर. डंजन वर्ल्ड नावाच्या खेळासारखं, सेशनच्या शेवटी अलाइनमेंटप्रमाणे वागलास तर एक एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारा अनुभवाचा गुण. तिथल्या केऑटिक थीफला योजना न करता धोक्यात उडी मारली की एक्सपी मिळतो. तासाभरात मिंटानं तीन वेळा उडी मारली, एकदा विहिरीत. विचारलं का गं, तर म्हणाली एक्सपी आहे ना. ती मनापासून खेळत होती, नियमानंच तिला तिकडे ढकललं. बक्षीस असलं तर ते नुकसान सोसून काही पाळलं त्याचं असावं, नुसतं स्वभावाप्रमाणे वागल्याचं नको.

२२ जून, रविवार

पालख्या आज पुण्यातून पुढे निघाल्या, रस्ते बंद, सेशन नाही. घरीच होतो. संध्याकाळी चहा पिताना बाबांना सगळं सांगितलं, त्यांना या खेळातलं काही कळत नाही पण ऐकून घेतात. चिपाची गोष्ट, घोडे बघायला जाणं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे तर नरो वा कुंजरो वा झालं.

मी कप खाली ठेवला. अगदी तेच आहे. धर्मराज खोटं बोलला नाही, अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता, फक्त ते द्रोणांना ऐकू जाणार नाही असं बोलला. वज्रसेननंही शब्द मोडला नाही, फक्त घोडे बघायला गेला. आणि धर्मराजाला काय झालं? त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो टेकला. बाकीच्यांच्या रथासारखा झाला. युद्धातून काढलं नाही, राज्य गेलं नाही, धनुष्य हातातून पडलं नाही. सगळ्यांना दिसेल असं एक काहीतरी गेलं, आणि तो पुढे लढत राहिला.

बाबा पुढे भीष्मावर बोलले, की शपथ पाळूनही माणूस कसा अडकतो, भर सभेत बसून राहतो. तेही लिहून ठेवतोय. शपथ पाळणं सोपं आणि बरोबर असं दर वेळी नसणार, नियमानं तसं भासवू नये.

रात्री दोनपर्यंत बसून कच्चा मसुदा केला. प्रत्येकानं आपल्या कॅरेक्टरसाठी तीन ओळी लिहायच्या, दोन कधीच करणार नाही अशा आणि एक नुकसान झालं तरी करणार अशी, महत्त्वाची सगळ्यात वर. दोन शपथा एकमेकींना भिडल्या तर वरची पाळायची, हे पाथफाइंडरमधल्या चॅम्पियनकडून, म्हणजे तिथल्या पॅलाडिनसारख्या कॅरेक्टरकडून घेतलंय. कुणी शपथ मोडायच्या बेतात असेल तर मी खेळ थांबवून मोठ्यानं विचारायचं: हे केलंस तर रथ टेकतो, करतोस? उत्तर येईपर्यंत ते कृत्य झालेलं नाही. हो म्हणाला तर मी दोन किमती पुढे ठेवायच्या, त्यानं एक निवडायची किंवा तिसरी सुचवायची. आणि नुकसान सोसून पाळली तर इन्स्पिरेशन, ते पुस्तकात आहेच, पुढे कधीही एकदा दोन डाइस टाकून मोठा घ्या.

२९ जून, रविवार

दादा आला! मी काही बोलायच्या आत त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला, त्याच्या तीन ओळी तयार होत्या, मी ग्रुपवर टाकलेला मसुदा त्यानं ऑफिसात प्रिंट काढून आणला होता. पहिली ओळ: दिलेला शब्द माझ्या पाठीमागेही मोडू देणार नाही. दुसरी: शरण आलेल्यावर हत्यार नाही. तिसरी: दुबळ्याच्या पुढे उभा राहीन, हरणार असलो तरी. पहिली वाचताना माझा आवाज बसला.

आज खेळलो नाही, शपथाच लिहिल्या, तीन तास गेले आणि एकही मिनिट फुकट गेलं नाही. पहिल्या फेरीत बहुतेक ओळी पोकळ निघाल्या, नेहमी चांगलं वागेन, मित्रांना मदत करीन, असं. मग एक चाळणी लावली: ही शपथ तीन सेशनमध्ये एकदा तरी आडवी येईल का, आणि ती मोडायचा मोह होईल असा प्रसंग तुला आत्ता सुचतो का. नाही सुचला तर दुसरी लिही.

ताईनं लिहिलं, कुणाच्या मनावर ताबा घेणारा मंत्र वापरणार नाही. आता ऐंद्रीच्या स्पेलबुकात चार्म पर्सन आणि सजेशन दोन्ही आहेत, दोन्ही हक्काचे, म्हटलं ताई विचार कर. ती म्हणाली वर्गात रोज पन्नास मुलं समोर असतात, जबरदस्तीनं गप्प बसवणं आणि ऐकून घेणं यातला फरक मला माहितीये. आणि त्या दोन स्पेलवर पेन्सिलनं आडवी रेघ मारली.

बहिणीनं बराच वेळ घेतला. शेवटी लिहिलं, लहान मुलांना हात लावणार नाही, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याला फसवणार नाही. चोर आहे, खुनीही आहे, पण आता मिंटा मला पूर्वीपेक्षा जास्त कळते.

भोरगची पहिली ओळ होती, मेलेल्याला उघड्यावर टाकून जाणार नाही, शत्रू असला तरी. लिहून झाल्यावर त्यानंच वर बघून विचारलं, आपण चिपाला पुरलं होतं का रे? कुणीच बोललं नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी, ताईनं साबुदाण्याची खिचडी आणली होती. नव्या नियमांनी पहिलं खरं सेशन, आणि खेळाचा पार चुरा झाला. मी फारच विचारत सुटलो. पहाऱ्यावरच्या शिपायाला थाप मारली, थांबा, रथ टेकतो का? दार फोडलं, थांबा. लढाईच्या ऐन मध्यात थांबवलं तेव्हा भोरगवाला म्हणाला, अरे श्वास तरी घेऊ दे. बरोबर होतं त्याचं. मला परत १ जून होऊ द्यायचा नव्हता म्हणून मी प्रत्येक पावलावर आडवा येत होतो.

९ जुलै, बुधवार

दुरुस्त्या. विचारणा फक्त कागदावर लिहिलेल्या ओळीवरच, बाकी कशावर नाही. वज्रसेनच्या ओथमध्ये प्रामाणिकपणा आहे पण त्याच्या तीन ओळींत नाही, तर एखादी थाप त्यानं मारली तर ते त्याचं तो बघेल. आणि विचारायचा हक्क टेबलावर सगळ्यांना, मीच कशाला, कुणालाही वाटलं की इथे कुणाचातरी रथ टेकतोय तर त्यानं हात वर करावा. यानं माझं ओझंही कमी होईल.

किमतीबद्दलही ठरवलं. किंमत एकच, दिसेल अशी, आणि ती भरून काढायचा रस्ता त्याच वेळी सांगायचा. पॅलाडिनसाठी ऑरा ऑफ प्रोटेक्शन, सहाव्या लेव्हलला मिळतो, दहा फुटांच्या आतल्या मित्रांच्या सेव्हिंग थ्रोमध्ये, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या डाइसमध्ये, त्याच्या करिश्माचा बोनस मिळवला जातो. तो गेला की वज्रसेन लढू शकतो, बरंही करू शकतो, पण त्याच्या शेजारी उभ्या असणाऱ्यांना फरक पडतो. मॅपवर हा ऑरा दाखवायला आम्ही ताईची भरतकामाची पाच इंची लाकडी रिंग वापरतो, वज्रसेनच्या मिनिएचरभोवती ठेवलेली असते, बरोबर दोन-दोन घरं झाकते. ती उचलली की झालं. रोगसारख्यांना देवाचं काही देणं नाही, तर तिथे किंमत माणसांकडून यावी, एखादा खबऱ्या तोंड फिरवेल, एखादं दार बंद होईल.

एक ओळ मात्र कॅरेक्टरची नाही, आमची, पाचही जणांनी मिळून लिहिलेली: टेबलावर बसलेल्या माणसाला गप्प करेल असं कुठलंही कॅरेक्टर करणार नाही. माझं तसं वागायचं, माझा स्वभावच तसा लिहिलाय, हे कारण इथे चालणार नाही. ही ओळ मोडायला किंमत नाही, ती मोडायचीच नाही.

१३ जुलै, रविवार

आज सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगितलं की १ जूनचा निकाल मी मागे घेतो, तो चुकीचा होता, दादाला विचारल्याशिवाय दिला होता, वज्रसेनचं सगळं परत. दादाची माफी मागितली.

दादा म्हणाला, थांब. तेव्हा मी घोडे बघायला गेलो होतो, मी म्हणजे मी. वज्रसेन का गेला ते अजून कुणी ठरवलेलंच नाही. ते मी आत्ता ठरवतो. मग टेबलाकडे बघत म्हणाला, वज्रसेनला माहीत होतं. मिंटाचा हात सुरीवर होता हे त्यानं बघितलं आणि तो गेला.

आणि त्यानं हात पुढे करून ती लाकडी रिंग स्वतःच उचलली, दोन बोटांत धरून क्षणभर बघितली आणि डाइसच्या डब्यात ठेवली. मी दोन किमती मनात तयार ठेवल्या होत्या, त्यातली एकही वाचली नाही. विचारलं, परत कधी ठेवायची? म्हणाला, चिपाला पुरू तेव्हा. भोरगवाला लगेच म्हणाला, चला.

किल्ला तीन मैलांवर, हल्ल्याची वेळ ठरलेली, आणि हे चौघं उलटे फिरले. माझी सगळी तयारी किल्ल्याची होती, ती तशीच राहिली आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

२० जुलै, रविवार

परतीच्या वाटेवर रानात रात्र पडली. एका झोपडीत म्हातारी गॉब्लिन भेटली, मी ती सहज टाकली होती, पावसात आडोसा हवा म्हणून. तिनं भाजलेले कंद आणि मीठ लावलेला मासा पुढे केला. सगळ्यांनी खाल्लं. मिंटानं दोनदा घेतलं, बहिणीनं तसं मुद्दाम सांगितलं. मग म्हातारी बोलता बोलता म्हणाली, माझा मुलगा किल्ल्यावर असतो, महिनाभर आला नाही, चिपा नाव त्याचं, तुम्ही तिकडूनच आलात ना?

हे मी तिथल्या तिथे ठरवलं, तोंडातून निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. टेबल एकदम शांत झालं, बाहेर रिक्षा वळल्याचा आवाज आला तेवढा ऐकू आला. मी दादाकडे वळलो, शब्दाची ओळ त्याची, म्हटलं दादा, जर वज्रसेननं हिला खरं सांगितलं नाही तर…

बहिणीनं हात वर केला. म्हणाली, त्याला नको विचारू, मला विचार. मिंटानं तिचं मीठ खाल्लंय.

मी तिला विचारलं, शब्दाला शब्द: गप्प बसलीस तर रथ टेकतो, बसतेस? तिनं स्वतःच्या कागदाकडे बघितलं, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. दादा तिच्याकडे बघत होता पण त्यानं मान हलवली नाही, काही सुचवलं नाही, नुसता थांबला. ती म्हणाली, मिंटा सुरी काढते, टेबलावर ठेवते, मूठ म्हातारीच्या बाजूला. आणि म्हणते, मी मारलं. यानं शब्द दिला होता, तो मी मोडला.

इथे थांबलो. साडेदहा वाजून गेले होते, कुणीच उठत नव्हतं. मिंटाला इन्स्पिरेशन दिलं. रिंग अजून डब्यातच आहे.

म्हातारीसाठी माझ्या वहीत फक्त एसी (बचावाचा आकडा) १० आणि हिट पॉइंट (जिवाचा आकडा) ४ एवढंच लिहिलंय, नावसुद्धा नाही. रविवारच्या आत तिचं नाव ठरवायचंय, झोपडीत अजून कोण राहतं ते ठरवायचंय, आणि तिच्याही तीन ओळी लिहायच्यात, तिनं सुरी उचलायची की नाही ते त्यावरून कळेल.